मारुती कांबळेच्या प्रश्नासह निळूभाऊंना अभिवादन

निळू फुले गेले त्याला पंधरा वर्षांहून अधिक काळ लोटला. १३ जुलै २००९ रोजी पुण्यात कर्करोगाने त्यांचे निधन झाले तेव्हा साऱ्या वर्तमानपत्रांनी पानेच्या पाने भरून लिहिले. आता मात्र दरवर्षी १३ जुलै येतो आणि निघून जातो. नव्या पिढीकडे निळूभाऊंची म्हणून एकच गोष्ट शिल्लक राहिली आहे. बाईला वाड्यावर बोलावणारे ते एक वाक्य! लग्नाच्या वरातीत, कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये, नकलाकारांच्या कार्यक्रमात आणि आता मोबाईलच्या पडद्यावर ते वाक्य फिरत असते. त्यावर टाळ्या पडतात, शिट्ट्या पडतात. आपल्या वस्तीतली पोरेही तीच नक्कल करतात आणि तेही पोट धरून हसतात.

वाचकहो, हसण्याला आमची हरकत नाही. परंतु वाडा म्हणजे काय होते, तिथे कोण बोलावले जात होते आणि तिथून परत येताना त्या बाईची मान का खाली असायची, हे ज्यांच्या आजीला ठाऊक होते त्यांच्या नातवाने तरी हसण्यापूर्वी क्षणभर थांबावे, एवढीच आमची अपेक्षा. ज्या कलावंताने आयुष्यभर वाड्याचा मुखवटा चढवून वाड्याचेच पितळ उघडे पाडले, त्याची आठवण वाड्याच्या विनोदापुरती उरावी, हा त्या कलावंतावर अन्याय आहे. त्याहून मोठा अन्याय वाड्याखाली भरडल्या गेलेल्या माणसांवर आहे.

म्हणून यंदा आम्ही ठरवले की निळूभाऊंना हारफुलांची आदरांजली नको. त्यांचे मिळतील तेवढे चित्रपट घरातच, घरच्या माणसांसोबत, पुन्हा एकदा नीट पाहायचे. वाशीमसारख्या गावात यासाठी कोणता महोत्सव भरणार नाही आणि कोणी निमंत्रणपत्रिका छापणार नाही. एक मोबाईल, त्याला जोडलेला टीव्ही आणि समोर सतरंजी, एवढ्यात आमचा महोत्सव पार पडला. दिवस निंदण-डवरणीचे. सोयाबीनच्या तासात दिवसभर वाकून आलेली आमची माय, शेजारच्या दोन बाया, आमचा एक पुतण्या आणि त्याचे दोस्त, असा प्रेक्षकवर्ग. कधी वीज गेली, कधी पाऊस आला, पण पाच संध्याकाळी आम्ही हा परिपाठ चालवला.

सेवादलाचा माणूस, पाटलाचा मुखवटा

चित्रपटांकडे वळण्याआधी हा माणूस कोण होता ते आपण समजून घेतले पाहिजे. निळकंठ कृष्णाजी फुले हे पुण्यातल्या सामान्य घरातले. पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी माळीकाम केले. त्या तुटपुंज्या पगारातला वाटा ते राष्ट्र सेवा दलाला देत. सेवादलाच्या कलापथकातून ते लोकनाट्यात आले. ‘कथा अकलेच्या कांद्याची’ या लोकनाट्याने त्यांचे नाव गाजले आणि अनंत माने यांच्या ‘एक गाव बारा भानगडी’ (१९६८) या चित्रपटातील झेलेअण्णाने ते घरोघरी पोहोचले. १९७२ साली विजय तेंडुलकरांच्या ‘सखाराम बाईंडर’ नाटकात त्यांनी सखाराम उभा केला आणि संस्कृतिरक्षकांचा रोष पत्करला.

पैसा आणि प्रसिद्धी मिळाल्यावर चळवळीला विसरणारे कलावंत आपण पुष्कळ पाहिले. निळूभाऊ त्यातले नव्हते. डॉ. श्रीराम लागू आणि अन्य मंडळींसोबत ‘लग्नाची बेडी’ या नाटकाचे प्रयोग करून त्यांनी सामाजिक कृतज्ञता निधीसाठी पैसा उभा केला. हा निधी कोणासाठी होता? घरदार सोडून चळवळीत पूर्णवेळ काम करणाऱ्या कार्यकर्त्यांची चूल पेटती राहावी यासाठी होता! अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामातही ते शेवटपर्यंत राहिले. पडद्यावर ज्याला पाहून गावोगावच्या बाया बोटे मोडीत असे सांगितले जाते, तो माणूस प्रत्यक्षात बायांच्या, कष्टकऱ्यांच्या, वंचितांच्या बाजूने उभा होता.

हे सांगायचे कारण एवढेच की, निळूभाऊंचा पाटील हा केवळ नटाचा पाटील नव्हता. तो एका कार्यकर्त्याने केलेला गावसत्तेचा अभ्यास होता. पाटील पानाला चुना कसा लावतो, बोलताना डोळे कुठे ठेवतो, आवाज न चढवता समोरच्याला जमिनीत कसा गाडतो, हे त्यांनी बारकाईने टिपले होते. शत्रूचा चेहरा इतका अचूक रेखाटला की, तो कुठेही भेटला तरी ओळखू यावा. ही आमच्या मते त्यांची चळवळीला दिलेली खरी देणगी आहे.

पडद्याच्या मागून पाहिलेला सिनेमा

आमच्या लहानपणी गावात कधीमधी कापडी पडदा लागायचा. गावातली मंडळी पडद्याच्या पुढे बसायची. आमची वस्ती मात्र पडद्याच्या मागल्या अंगाला बसायची. कोणी तशी दवंडी पिटलेली नव्हती, पण आपली जागा कोणती हे सांगावे लागत नसे. कापड पातळ, त्यामुळे चित्र मागूनही दिसे, फक्त उलटे. चित्रपटाचे नाव उलट्या अक्षरात, पाटलाच्या उजव्या हातातली काठी आम्हाला डाव्या हातात. आमच्या पिढीतल्या कित्येकांनी निळूभाऊंना प्रथम असे मागल्या बाजूने पाहिले.

आज घरात सतरंजीवर बसून तेच चित्रपट समोरून पाहताना एक गोष्ट ध्यानात आली. तमाशापटांच्या त्या लाटेत पाटील आहे, सरपंच आहे, मास्तर आहे, तमासगिरीण आहे, विनोदी गडी आहे. परंतु गावकुसाबाहेरची वस्ती कुठे आहे? गावाची पाणवठ्याची भांडणे कुठे आहेत? १९५६ साली नागपुरात लाखोंनी धम्मदीक्षा घेतली, आमच्या वऱ्हाडातल्या गावागावांतून माणसे पायी आणि रेल्वेने गेली, मेलेली ढोरे ओढणे बंद झाले, गावगाडा मुळापासून हादरला. एवढी मोठी उलथापालथ महाराष्ट्राच्या खेड्यात घडली आणि खेड्यावरच्या चित्रपटांना तिचा पत्ताच नाही! आम्ही पडद्यामागे बसलो होतो हे खरे, पण पडद्यावरही आम्ही नव्हतो.

या रिकाम्या जागेत एक नाव मात्र लख्ख उमटले आहे. ते नाव मारुती कांबळे.

हिंदुराव आणि मारुती

जब्बार पटेल यांचा ‘सामना’ १९७५ साली प्रेक्षकांपुढे आला. कथा-पटकथा विजय तेंडुलकरांची, निर्मिती रामदास फुटाणे यांची. बर्लिनच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात तो गेला आणि मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही त्याला मिळाला. साखर कारखान्याच्या जोरावर आख्खा मुलूख मुठीत ठेवणारे हिंदुराव धोंडे पाटील म्हणजे निळूभाऊ. दारूत बुडालेले, कधीकाळचे गांधीवादी मास्तर म्हणजे श्रीराम लागू. हिंदुराव मास्तरांना आसरा देतात, खाऊपिऊ घालतात. आणि त्याच मास्तरांच्या कानावर एक नाव पडते. मग ते एकच विचारत सुटतात की, मारुती कांबळेचे काय झाले?

‘सामना’त निळूभाऊंनी आपला नेहमीचा पाटील बाजूला ठेवला आहे, हे आम्हाला या वेळी विशेष जाणवले. हिंदुराव बाईकडे पाहून जीभ चाटत नाहीत, चाबूक उगारत नाहीत. ते अदबीने बोलतात, पाहुण्याची सरबराई करतात. गावाचा विकास आपणच केला असे त्यांना मनापासून वाटते. त्यांनी कारखाना काढला, लोकांना रोजगार दिला. मग एखादा मारुती आडवा आला तर त्याचे काय एवढे? सत्तेचा हा गोड चेहरा काठीपेक्षा भयंकर असतो.

आमच्या वाशीम जिल्ह्यात उसाचे राज्य नाही. १९९८ साली अकोल्यातून वेगळा झालेला हा जिल्हा सोयाबीनचा, तुरीचा, कपाशीचा. रिसोड असो, मालेगाव असो, मानोरा-मंगरुळपीर असो की कारंजा, इथे हिंदुरावांचा पांढरा शुभ्र कारखाना दिसणार नाही. पण हिंदुराव दिसत नाहीत असे कोण म्हणेल? घरकुलाच्या यादीत नाव कोणाचे बसवायचे, सोसायटीचे कर्ज कोणाला आधी द्यायचे, शाळेवर शिपाई कोणाचा पोरगा लावायचा, रस्त्याचे काम कोणाच्या वस्तीपर्यंत येऊन थांबवायचे, हे ठरवणारा माणूस प्रत्येक सर्कलमध्ये असतो. तो जयंतीला आपल्या विहारात येतो, बाबासाहेबांच्या प्रतिमेला हार घालतो, वर्गणीची पावती फाडतो. त्याला ओळखायला शिकवणारा धडा निळूभाऊंनी पन्नास वर्षांपूर्वी गिरवून ठेवला आहे.

आणि मारुती कांबळे कोण? डॉ. मोहन आगाशे यांनी ही भूमिका केली आहे. फौजेतून परत आलेला हा माणूस हिंदुरावांना सलू लागतो. कांबळे हे आडनाव वाचल्यावर आपल्या वाचकाला अधिक काही सांगण्याची गरज नाही. फौजेत गेलेला आपला माणूस गावच्या उतरंडीत पुन्हा मुकाट्याने बसत नाही, हा आपला इतिहास आहे. इंग्रजांनी महारांची सैन्यभरती बंद केली तेव्हा त्याविरुद्ध आपल्या पूर्वजांनी अर्ज केले, बाबासाहेबांनी पाठपुरावा केला आणि १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली. स्वतः बाबासाहेब सुभेदाराच्या घरात जन्मले. ज्याने सरहद्दीवर बंदूक धरली तो गावात जोहार घालील कसा? म्हणून तर हिंदुरावांना मारुती नको असतो.

‘सामना’ पाहताना आम्ही मारुतीला शोधत राहिलो. पण तो आपल्यापुढे येतो तो दुसऱ्यांच्या आठवणीतून, दुसऱ्यांच्या तोंडून. चित्रपटाच्या नावातला सामना आहे तो हिंदुराव आणि मास्तर यांच्यात. एक सत्तेचा माणूस, दुसरा सदसद्विवेकाचा. मारुती हा त्या दोघांमधला प्रश्न आहे. त्याचा खून उघडकीस येतो, हिंदुरावांचे आसन डळमळते. ज्यांनी हा चित्रपट केला त्यांच्या हेतूबद्दल आम्हाला शंका नाही. १९७५ साली कांबळे आडनावाच्या माणसाचा खून मराठी चित्रपटाच्या केंद्रस्थानी आणणे, हे धाडसच होते. परंतु करुणेने पाहिलेला माणूस आणि हक्काने उभा राहिलेला माणूस यात अंतर असते, हेही आपण बोलले पाहिजे.

ते अंतर आमच्या मायने एका वाक्यात दाखवले. चित्रपट संपला, पोरे लागूंच्या आणि निळूभाऊंच्या अभिनयाची वाहवा करू लागली. माय गप्प होती. मग म्हणाली, “अन् त्याच्या घरच्यायचं काय झालं? थे काउन कोनी इचारत नाही?”

प्रश्न मास्तरांचा नव्हे, आपला

मारुती कांबळेचे काय झाले, हा प्रश्न पुढे राजकारणात म्हण होऊन बसला. विरोधी पक्ष सत्ताधाऱ्यांना चिमटा काढताना तो वापरतात. एका खुनाचा प्रश्न शब्दांच्या कोटीत जिरून गेला. वाड्याच्या वाक्याचा विनोद झाला, कांबळेच्या खुनाची म्हण झाली. या महाराष्ट्रात अत्याचार पचवण्याच्या किती तऱ्हा आहेत पाहा!

पण ज्यांच्या घरात मारुती मारला जातो त्यांच्यासाठी ती म्हण नसते. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीत सुरेखा, प्रियंका, रोशन आणि सुधीर भोतमांगे यांना गावाने संपवले. विदर्भभर लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा कुठे प्रकरण दाबणे अशक्य झाले. २००८ साली भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी धरले, सहा जणांना फाशी सुनावली. २०१० साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ती फाशी पंचवीस वर्षांच्या जन्मठेपेत बदलली. आणि दोन्ही न्यायालयांनी अ‍ॅट्रॉसिटी कायदा या हत्याकांडाला लागू होत नाही असे ठरवले! चार माणसे मारली हे सिद्ध झाले, पण ती कोण होती म्हणून मारली, हे कागदावर आलेच नाही. एकटे उरलेले भैयालाल भोतमांगे २० जानेवारी २०१७ रोजी गेले. मायने विचारलेला घरच्यांचा प्रश्न तो हाच.

तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील खर्डा येथे २८ एप्रिल २०१४ रोजी नितीन आगे या शाळकरी मुलाला मारून झाडाला लटकवले. भरदिवसा शाळेतून ओढून नेल्याचे साऱ्या गावाला ठाऊक. खटला उभा राहिला तेव्हा साक्षीदार एकामागून एक उलटले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये आरोपी निर्दोष सुटले. मग नितीनला कोणी मारले? ‘सामना’त निदान एक दारुडा मास्तर होता. खर्ड्यात मास्तरही मिळाला नाही.

याच ठिकाणी आम्हाला ‘सिंहासन’ (१९७९) मधले निळूभाऊ आठवतात. अरुण साधू यांच्या कादंबऱ्यांवरचा हा जब्बार पटेलांचाच चित्रपट. यात निळूभाऊ पाटील नाहीत, पुढारी नाहीत. ते पत्रकार दिगू टिपणीस आहेत. दिगू मंत्र्यांच्या बंगल्यांवर जातो-येतो, कोण कोणाचा पाय ओढतो आहे हे त्याला ठाऊक असते. सारे पाहून, सारे समजून शेवटी तो वेड्यासारखा हसत सुटतो. ज्या नटाने सत्तेचा माज दाखवला त्यानेच सत्तेपुढची हतबलताही दाखवली. वर्तमानपत्रात लेखणी चालवणाऱ्या आमच्यासारख्यांना तो दिगू झोपू देत नाही. कारण आपल्याला दिगूसारखे हसून मोकळे होता येत नाही. आपल्याकडे ज्या बातम्या येतात त्या बंगल्यावरच्या नसतात, आपल्याच नात्यागोत्यातल्या असतात. दिगूची ती बातमी होती, आपले ते घर असते.

दुसरा कांबळे

पाच संध्याकाळींपैकी शेवटची आम्ही मुद्दाम निळूभाऊ नसलेल्या चित्रपटासाठी ठेवली. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’. २०१४ चा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवणारा. यातही एक कांबळे आहे. लोकशाहीर नारायण कांबळे. त्याच्या गाण्याने गटारात उतरणाऱ्या कामगाराला आत्महत्येस प्रवृत्त केले, असा अजब आरोप ठेवून त्याला न्यायालयात खेचले जाते. ही भूमिका केली नागपूरच्या वीरा साथीदार यांनी. ते व्यावसायिक नट नव्हते. ‘विद्रोही’चे संपादक, आंबेडकरी चळवळीतले कार्यकर्ते, तुमच्या-आमच्यातले. १३ एप्रिल २०२१ रोजी, बाबासाहेबांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, कोरोनाने त्यांना नेले.

‘सामना’ ते ‘कोर्ट’ या सुमारे चाळीस वर्षांच्या प्रवासात मराठी पडद्यावरचा कांबळे किती बदलला पाहा. मारुती कांबळेबद्दल दुसरा माणूस प्रश्न विचारतो. नारायण कांबळे स्वतः डफ घेऊन उभा राहतो आणि व्यवस्थेला प्रश्न विचारतो. मधल्या काळात ‘फँड्री’ (२०१३) मधल्या जब्याने भिरकावलेला दगड थेट प्रेक्षकांच्या अंगावर येऊन गेला. मारुतीला मारून टाकावे लागले, नारायणला खटल्यात अडकवून ठेवावे लागते. व्यवस्था बदललेली नाही, पण आपला माणूस बदलला आहे. त्याला आवाज आला आहे. तो आवाज चित्रपटाने दिला नाही, बाबासाहेबांच्या चळवळीने दिला. चित्रपटाला तो ऐकायला फक्त उशीर झाला.

म्हणूनच आम्हाला वाटते, निळूभाऊ आणि वीरा साथीदार यांना एकत्र पाहिले पाहिजे. एकाने आपल्याला शोषणाचा चेहरा दाखवला, दुसऱ्याने प्रतिकाराचा. पहिला चेहरा ओळखता आला नाही तर दुसऱ्याची ताकद वाया जाते.

समाजबांधवांना आमची एक नम्र सूचना आहे. १३ जुलैच्या आगेमागेच आषाढ पौर्णिमा येते, वर्षावास सुरू होतो. गावोगावच्या विहारांत ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालते. त्याच तीन महिन्यांत आठवड्यातून एक संध्याकाळ या चित्रपटांसाठी द्यावी. ‘सामना’ दाखवा, ‘सिंहासन’ दाखवा, ‘कोर्ट’ दाखवा. खर्च काही नाही, एक पांढरी भिंत पुरते. पण चित्रपट संपल्यावर दिवे लावून लगेच उठू नका. आधी बायांना बोलू द्या, म्हाताऱ्यांना बोलू द्या. वाड्याची पायरी ज्यांनी पाहिली आहे त्यांना ती नातवंडांना सांगू द्या. ही माणसे आता थोडी उरली आहेत आणि त्यांनी सांगितलेले कोणत्याही पुस्तकात छापलेले नाही. एकदा हे ऐकलेला पोरगा वाड्याच्या वाक्यावर पूर्वीसारखा हसणार नाही, याची आम्हाला खात्री आहे.

आणि विहारात कोणी मारुती कांबळेचे काय झाले असे विचारले, तर सोबत दुसराही प्रश्न विचारा. त्याच्या घरच्यांचे काय झाले? आपल्या तालुक्यात अ‍ॅट्रॉसिटीचे जे खटले चालू आहेत त्यांच्या तारखेला फिर्यादीसोबत कोण जाते? साक्षीदार उलटू नये म्हणून त्याच्या पाठीशी कोण उभे राहते? या प्रश्नांची उत्तरे मास्तर देणार नाहीत, दिगू टिपणीस देणार नाही. ती आपल्यालाच द्यावी लागतील.

वाड्याचा मुखवटा घालून वाड्याला उघडे पाडणाऱ्या निळूभाऊंना विनम्र अभिवादन! डफ खाली न ठेवणाऱ्या वीरा साथीदारांना क्रांतिकारी जयभीम!